वरचे दोन दात

भट्टीच्या दारावर जप्तीचा सतरा नंबरचा कागद चिकटवून तो अधिकारी माझ्याकडे पाहून हसला. कुत्सित हसला असता तर मी सोसलं असतं. पण तो चांगलं हसला, ओळखीचं, जणू आम्ही एकाच धंद्यातले आणि एकमेकांची हातचलाखी पुरती ओळखून आहोत. "छान जमवून आणलंत दोघांनी," म्हणाला. "घटस्फोट, मग घर बाईंना, मागची खोली बाईंना, ही भट्टी बाईंना. साहेबांच्या वाट्याला फक्त खटला. आम्ही असले घटस्फोट वर्षातून चार-पाच बघतो, पण इतका नीटनेटका नाही बघितला." आणि कागदाचा एक कोपरा सुटत होता तो त्याने अंगठ्याने दाबून पक्का बसवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात मेणाची सुरी होती, ती मी टेबलावर ठेवली, कारण हातात राहिली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. भट्टीत त्या वेळी एका शिक्षिकेच्या दाढा भाजत होत्या. त्यांना अजून अकरा मिनिटं लागणार होती. "यंत्र बंद करा," तो म्हणाला. "अकरा मिनिटांनी," मी म्हणाले. तो खुर्ची ओढून बसला आणि आम्ही दोघं अकरा मिनिटं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. त्या अकरा मिनिटांत मला कळलं की माझा घटस्फोट खरा आहे हे या जगात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

मी दात करते. बावीस वर्षं तेच करते. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचे काढते, साच्यावर मेणाचा दात घडवते, मग त्याचा खरा दात होतो, म्हणजे खोटा, पण माणसाला खरा वाटावा असा. शेडची पट्टी, म्हणजे दातांच्या छटांचे नमुने, घेऊन मी रंग जुळवते; लोकांना वाटतं दात पांढरे असतात, दात कधीच पांढरे नसतात. पांढराशुभ्र दात केला की लांबून कळतं, खोटा आहे. थोडा पिवळा, कडेला किंचित राखाडी, एखादी बारीक चीर मुद्दाम ठेवलेली, असा केला की कुणाला संशय येत नाही. हे मी माझ्या नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं, मोठ्या कौतुकाने, आणि त्याने ते किती मन लावून ऐकलं होतं हे मला आता समजतंय. तो एका मोठ्या इस्पितळात खरेदी अधिकारी होता. यंत्रं, खाटा, हातमोजे, सगळी खरेदी त्याच्या सहीने व्हायची, आणि कुणाची निविदा उघडायची, कुणाची अडवायची याचे तो विकणाऱ्यांकडून पैसे घ्यायचा. चौदा वर्षं घेतले. कुणाला संशय आला नाही. कडेला किंचित राखाडी ठेवायला माझ्याकडूनच शिकला असणार.

चार महिन्यांपूर्वी धाड पडली. त्यानंतरचा आठवडा मी एकच वाक्य मनात घोळवत होते. मला वेगळं व्हायचंय. आंघोळ करताना, साचे घासताना, गादीवर छताकडे बघत, हेच. भांडण नको होतं, खुलासा नको होता, तो रडला असता तर तेही नको होतं. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात तो चहा गाळत होता, मी ओट्याला टेकून उभी होते, वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, आणि तो गाळणं झटकत म्हणाला, "मी विचार केला, आपण घटस्फोट घेऊ." भाजी काय आणायची हे ठरवावं तशा आवाजात. म्हणाला, वकिलाशी बोललोय, घर तुझ्याकडे, मागची खोली आणि तिच्यातलं सगळं तुझ्याकडे, मी एका भाड्याच्या खोलीत जातो, दोन-अडीच वर्षांत खटला निकाली निघेल, मग परत आपलं आपलं. आणि माझ्यापुढे कप सरकवला. साखर बरोबर घातली होती. मी कप उचलला. ओट्याला टेकूनच प्यायले. आधी तर बरंच वाटलं, लाज वाटते सांगायला. वाटलं, कशाही वाटेने येवो, घटस्फोट मिळतोय ना, मग कुणी मागितला याने काय फरक पडतो. फरक पडतो. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून घेतलेला एकमेव मोठा निर्णय या माणसाने चहा गाळता गाळता उचलला आणि त्याच्या कटात घालून टाकला. चौदा वर्षांत त्याने जे जे लाटलं त्यातली ही एक गोष्ट सरकारच्या यादीत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग तिचाच आहे.

अकरा मिनिटं झाली. दाढा बाहेर काढल्या, चिमट्याने जाळीवर ठेवल्या. तेवढ्यात तो अधिकारी माझी कामाची वही चाळायला लागला होता. प्रत्येक काम मी वहीत लिहिते: तारीख, डॉक्टर, दात कुठला, रंग कुठला. "बारा तारीख," तो वाचू लागला. "वरचे पुढचे दोन, प्लेट दुरुस्ती. डॉक्टरांचं नाव नाही. कुणाचे हो हे?" मी सांगितलं. नवऱ्याचे. "म्हणजे ज्यांच्यापासून तुम्ही विभक्त आहात त्यांचे." हो. मग त्याने आपल्या फायलीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. आमचं फाटक, नवरा आत येतोय, तोंडावर रुमाल. खाली वेळ छापलेली, चार वाजून दहा मिनिटं. दुसरा फोटो, नवरा बाहेर जातोय, सव्वापाच. रुमाल नाही, हसतोय. "तास-सव्वा तास," अधिकारी म्हणाला. "दात बसवत होते मी," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं की हे वाक्य कुठल्याही खोलीत, कुठल्याही माणसापुढे खोटंच वाटणार आहे. त्याच्या हाताखालचा माणूस दारात उभा राहून लिहून घेत होता. लिहिताना ओठ दाबत होता.

पण ते खरं होतं. बारा तारखेला त्याचा फोन आला, खोट्या दातांची प्लेट मधोमध तडकलीय, उद्या चौकशी आहे, पुढचे दोन दात नसलेल्या माणसाचं कोण ऐकून घेईल. दुसऱ्या कशासाठीही तो आला असता तर मी दार उघडलं नसतं, पोलीस बोलावले असते. पण मी ज्या म्हाताऱ्या मालकाच्या हाताखाली शिकले त्याचा एक नियम होता: तुटलेलं काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. कारण कुठेतरी एक माणूस तोंडावर हात धरून बसलेला असतो. तो बोलत नाही, जेवत नाही, लेकराकडे बघून हसत नाही, तुमची वाट बघतो. मालक कारखाना बंद करायला निघाला असला आणि तेवढ्यात तडकलेली कवळी आली, तर चपला काढून परत बसायचा. बावीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही. लेकीला ताप होता तेव्हासुद्धा तिला मांडीवर घेऊन एका आजीबाईंची कवळी जोडली आहे. म्हणून नवरा रुमाल धरून आला आणि मी त्याच्या तोंडातून प्लेट घेतली, तडा घासला, जोडला, वाळवला, कडा गुळगुळीत केल्या, शेजारच्या दाताला धरणारी तारेची आकडी पकडीने जरा आवळली, आणि त्याच्या तोंडात बोट घालून बसवली. फक्त "चाव" म्हणाले, "सोड" म्हणाले. आणि तो निघताना आरशात बघून हसला, त्याच हसण्याचा फोटो आता सरकारी फायलीत आहे. आमचे संबंध अजून चालू आहेत याचा पुरावा म्हणून. इतका मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या बाईने केला नसता. तिला तो करताच आला नसता.

ते दात मी केले तेव्हा तो सव्वीसचा होता. सायकलवरून पडून दोन दात गेले होते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास न ठेवता तो रंग जुळवायला स्वतः आमच्या कारखान्यात आला होता. मी खिडकीपाशी नेऊन त्याच्या ओठाशी शेडची पट्टी धरली. तो म्हणाला, "माझे जरा घाणेरडे आहेत ना?" मी म्हणाले, "घाणेरडे नाहीत, वापरलेले आहेत." तो इतका हसला की ती मोकळी जागा दिसली, आणि मला ती आवडली, काय सांगायचं आता, मला ती जागाच आवडली. लग्न झालं. मागच्या खोलीत मी स्वतःचं काम सुरू केलं. पहिली भट्टी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, दार नीट लागायचं नाही, मी पायाने दाबून धरायचे. ती माझी होती. आठवड्याचे सात दिवस काम करून घेतली होती. मग लग्नाला दहा वर्षं झाली त्या दिवशी ही आली, नवी, काचेचं दार, स्वतःहून तापमान सांभाळणारी. दोन माणसांनी उचलून आणली. मी तिच्याभोवती दोनदा फिरले आणि विचारलं, "कुठून आणलेस एवढे पैसे?" तो म्हणाला, "आले कुठून तरी. तुला आवडली ना?" आवडली होती. म्हणून परत विचारलं नाही. जुनी भट्टी त्याच आठवड्यात भंगारात दिली. मी त्याला चोर म्हणते, दिवसातून शंभर वेळा म्हणते, पण "कुठून तरी" हे दोन शब्द ऐकून जी बाई गप्प बसली ती कोण होती? ती काही दूधखुळी नव्हती. रंगातला एवढासा फरक लांबून ओळखणारी होती.

वकीलबाई चांगल्या आहेत. टेबलावर कागदांचा ढीग, चष्मा केसांत खोचलेला आणि तोच शोधत असतात. त्यांनी मला समजावून सांगितलं: घटस्फोटात वाटणी होते ती दोघांच्या मालकीच्या वस्तूंची. पण जे गुन्ह्याच्या पैशातून आलं ते दोघांच्याही मालकीचं नाही, ते आधी सरकार उचलणार. त्यात जे माझ्या कष्टाचं आहे ते मला सिद्ध करावं लागेल. "आणि तुमचे मिस्टर इथे मदतीला आलेत," असं म्हणून त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्याचं प्रतिज्ञापत्र. त्याने शपथेवर लिहून दिलं होतं की घराचे हप्ते, मागच्या खोलीचं बांधकाम, भट्टी, सगळं माझ्या एकटीच्या कमाईतून झालं. पाच पानं. माझ्या मेहनतीचं इतकं सुंदर वर्णन मी कधी वाचलं नव्हतं. पहाटे उठून ती साचे ओतत असे. तिच्या हातांना प्लास्टरने भेगा पडत. हे त्याला दिसत होतं तर. इतकी वर्षं घरात एक शब्द काढला नाही आणि आता सरकारला कळवतोय. "तुम्ही याच्याखाली असंच प्रतिज्ञापत्र द्या," वकीलबाई म्हणाल्या, "बरंचसं वाचेल. निदान खोली आणि भट्टी तरी. त्यावर तुमचं पोट आहे." मी विचारलं, "आणि घटस्फोट?" त्या कागदांचा ढीग सारखा करू लागल्या. "त्याला सरकारी वकिलांची हरकत आहे. त्यांचं म्हणणं, हे माल वाचवायचं नाटक आहे. पण तुम्हाला घाई काय आहे त्याची?" आणि चष्मा शोधायला लागल्या. पैसे घेऊन माझी बाजू मांडणारी बाई, तिलाही वाटत होतं की नाटकच आहे.

सासूबाईंना मी दोष देत नाही, त्यांचं वय झालंय, त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, कागदावरच ना, मग रडतेस कशाला?" शेजारच्या काकूंनी जिन्यात डोळा मारला, आयुष्यात पहिल्यांदा. तेही गिळलं. पण लेक. ती दुसऱ्या शहरात शिकते, खोलीत चार मुली, फोनवर हळू बोलावं लागतं तिला. धाडीनंतर महिनाभर रोज रडत होती. मग एक दिवस एकदम हलक्या आवाजात फोन आला. "आई, बाबांनी सांगितलं मला सगळं. खोटं-खोटं आहे म्हणून. मला आधी का नाही सांगितलंस? किती घाबरले होते मी." मी म्हणाले, "खोटं नाहीये ग." ती हसली. "हो, हो, फोनवर नको बोलूस. कळलं मला." आणि मग विषय बदलून परीक्षेचं बोलत राहिली. फोन ठेवल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन टेबलाशी बसले आणि तीन साचे एकामागून एक बिघडवले. माझ्या पोरीला त्याने माझ्या पाठीमागे या नाटकात ओढलं होतं. तिच्या नजरेत मी तीच होते जी त्या अधिकाऱ्याच्या नजरेत होते. फरक एवढाच की तिला ते बरं वाटत होतं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाची खोली अगदी छोटी होती, शाळेच्या वर्गाएवढी, पंखा एका बाजूला कललेला. मी दोन्ही प्रतिज्ञापत्रं पर्समधे घेऊन गेले होते, त्याचं पाच पानी आणि माझं, वकीलबाईंनी टाइप करून दिलेलं, सही न केलेलं. पर्समधे छोटी पकड पण होती, ती नेहमीच असते. नवरा समोरच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट, आणि जीभ वरच्या दातांच्या मागे लावत होता. माझ्या लगेच लक्षात आलं, डावी आकडी सैल झालीय. माझा संताप त्या क्षणी माझ्यावरच उसळला. या माणसाने माझ्या तोंडाला काळं फासलं आणि मी त्याच्या तोंडातली तार बघतेय. माझा पुकारा झाला. न्यायाधीशांनी जप्तीची यादी वाचली, सतरा नंबरला थांबले आणि विचारलं, "ही भट्टी तुमच्या कमाईतली आहे असं तुमचं म्हणणं आहे ना?" वकीलबाईंनी मान हलवायला सुरुवात केली होती. मी म्हणाले, "नाही."

वकीलबाईंनी माझी बाही धरली. मी बोलत राहिले, आवाज चढला होता, तो मला खाली आणता येत नव्हता. म्हणाले, भट्टी यांनी आणली. पैसे कुठून आले ते मी एकदा विचारलं, यांनी सांगितलं नाही, मी परत विचारलं नाही. खोलीचं बांधकामही तसंच. घराचे हप्तेही तसेच. माझी एक जुनी भट्टी होती ती मी भंगारात दिली. यांनी लिहून दिलंय ते माझ्या हातांचं सोडलं तर खोटं आहे. मला यातलं काही नको. एक नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत काही नको. मला घटस्फोट पाहिजे. सरकारी वकील हातातला कागद बघत होते, मग माझ्याकडे, मग परत कागदाकडे. वाचवण्याजोगा माल त्यांना कुठे दिसेना, त्यामुळे नाटक कशाचं ते कळेना. न्यायाधीश म्हणाले, "बाई, सावकाश. याचे परिणाम तुमच्या लक्षात आलेत का? तुम्हाला माहीत होतं असंही याचा कुणी अर्थ काढेल." मी म्हणाले, "काढू दे. अर्धंमुर्धं माहीत होतंच." मागच्या बाकावर भट्टीवर कागद चिकटवणारा तो अधिकारी बसला होता. या वेळी हसला नाही.

बाहेर वऱ्हांड्यात नवऱ्याने मला गाठलं. रागाने त्याच्या मानेवरची शीर फुगली होती. "डोकं फिरलंय का तुझं? सगळं वाचत होतं. आपलं ठरलं होतं." मी म्हणाले, "आपलं नाही. तुझं ठरलं होतं. मी चहा पीत होते." तो म्हणाला, "अगं पण मी सगळं तुला दिलं होतं." मी म्हणाले, "ठेवायला दिलं होतंस." मग तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, बराच वेळ, रंग जुळवताना मी जसं बघते तसं, आणि मला दिसलं की आत्ता, या मिनिटाला, त्याला पहिल्यांदा कळतंय. त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे खरंच? मग मी नंतर कुठे येऊ?" तेवढ्यात तो आणखी काहीतरी म्हणायला गेला आणि प्लेट खाली सरकली. त्याने झटकन तोंडावर हात धरला. हाताआडून म्हणाला, "सैल झालीय. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढं कर, मग जा."

माझा हात पर्समधे गेला होता. खोटं कशाला बोलू, गेला होता. पकडीची थंड मूठ बोटांना लागली. डावी आकडी, अर्धा वळसा, बस. तो वऱ्हांड्याच्या भिंतीला टेकून तोंडावर हात धरून उभा होता, लोक येत-जात होते, आणि मला माझ्या म्हाताऱ्या मालकाच्या चपला आठवल्या, काढलेल्या. मी पकड सोडून दिली. "गावात दात करणारे पुष्कळ आहेत," मी म्हणाले, आणि चालू लागले. बावीस वर्षांत पहिल्यांदा तुटलेलं काम मागे टाकून निघाले होते, आणि मला बरं वाटत नव्हतं, मुळीच नाही, उलट चीड आली होती की तेवढ्यासाठीसुद्धा मलाच वाईट वाटावं.

बसथांब्यावर बाकावर बसले. घरी जाऊन शिक्षिकेच्या दाढा पॅक करायच्या होत्या, मग डॉक्टरांना फोन करायचे होते की आता काम घेता येणार नाही. जुन्या मालकाच्या मुलाकडे टेबल रिकामं आहे का हे विचारायचं होतं. फोन वाजला. लेक होती. मागे मुलींचा आवाज नव्हता, गच्चीवर गेली असावी. "आई, बाबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "नीट बोलता येत नव्हतं त्यांना. ते म्हणाले, तू कोर्टात..." आणि थांबली. मी म्हणाले, "हो." मी तिचा श्वास ऐकत होते. एक बस आली, माझी होती, दार उघडलं, मी उठले नाही, दार बंद झालं, गेली. आता ती रडेल, मग ओरडेल, मग म्हणेल बाबांचं वाटोळं केलंस, हे सगळं मी मनाशी धरून बसले होते, आणि तिला उत्तर द्यायला मी अजून तितकीच रागावलेली होते. तिने नाक ओढलं.

"आई," ती म्हणाली, "मग तू राहणार कुठे?"

चार महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि तिला सांगितलं की अजून माहीत नाही.